नकाशा नगरपरिषदेत जाण्याआधी (लेखांक 6)

मालमत्ता पत्रक कसे वाचायचे ते आपण गेल्या आठवड्यात पाहिले. त्यानंतर लोक थेट नकाशा मंजुरीला टाकतात. मधला एक टप्पा राहून जातो: शेजाऱ्याला कळवण्याचा.

जमिनीचा झोन बदलायचा असेल, शेती विभागातली जागा रहिवास विभागात घ्यायची असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली राजपत्रात सूचना निघते, महिनाभर हरकती घेतल्या जातात, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे लागते. सरकारी मोजणी असली तरी लगतधारकांना नोटीस जाते. पण त्याच जागेवर दुमजली घर बांधायचा अर्ज कलम 44 खाली दिला, तर शेजाऱ्याला कळवण्याची अट या कलमात नाही. उलट 60 दिवसांत निर्णय कळवला गेला नाही, तर नियमांत बसणारे बांधकाम मंजूर झाले असे धरतात. शेजाऱ्याला पत्ता लागतो तो पाया खणायला जेसीबी आल्यावर.

नव्या वसाहतीत चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेली असते, तिथे हे एक वेळ चालून जाते. जुन्या येवल्यात घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत पैठणीचा माग आहे. खड्ड्याच्या मागावर विणकराचे पाय जमिनीखाली असतात; शेजारचा पाया उघडा राहिला आणि पाऊस लागला, तर ओल आधी तिथे येते. त्याहून गंभीर गोष्ट मला खिडकीची वाटते. पदरावरच्या मोराचे रेशीम रंग पारखून भरावे लागते, आणि त्याला दिवसाचा उजेड हवा.

या उजेडाला कायद्याचे संरक्षण आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 च्या कलम 15 प्रमाणे एखाद्या इमारतीला 20 वर्षे अखंड, विनातक्रार, सुविधाधिकार म्हणून उजेड मिळत आला असेल तर तो हक्क ठरतो. कलम 33 त्यापुढे जाते: उजेड अडल्यामुळे नेहमीचा धंदा पूर्वीइतका फायद्याने करता येत नसेल, तर भरपाईचा दावा करता येतो. नगरपरिषदेची मंजुरी हातात असली तरी हा दावा उभा राहू शकतो, हे बांधणाऱ्याने लक्षात ठेवावे. शेजाऱ्याला कळवण्याबाबत इंग्लंडने 1996 मध्ये कायदाच केला. सामाईक भिंतीला हात लावण्याआधी दोन महिने लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे ती आपण होऊन द्यायला काय हरकत आहे?

कळवणे म्हणजे संमती मागणे नव्हे, हे दोघांनीही समजून घ्यावे. नकाशा कच्चा असतानाच दाखवावा, कारण खिडकी सरकवणे तेव्हा फुकट असते. किती मजले, खोदाई कधी, पन्हाळीचे पाणी कुठे पडणार, एवढे एका कागदावर लिहून पोच घ्यावी. सामाईक भिंतीवरच्या जुन्या भेगांचे फोटो तारखेसह दोघांकडे ठेवावेत. पुढचे निम्मे भांडण तिथेच मिटते.

आणि कागद कोणाला द्यायचा? मालमत्ता पत्रकावर चार वारसांची नावे असतील तर चौघांना, त्यांतला एखादा पुण्याला राहत असला तरी. घरात भाडेकरू विणकर असेल तर त्यालाही द्यावा. तो मालक नाही, पण माग त्याचा आहे.