गणकयंत्राचे मौन

एखादा बागाईतदार दोन दिवसांसाठी परगावी निघाला आहे. त्याचा ऊसमळा लांब आहे आणि पाण्याचा पंप मात्र घराजवळच्या विहिरीवर आहे. निघताना तो गड्यासाठी चिठ्ठी ठेवतो : ‘मळ्यात पाऊस झाल्याचे कळले, तर पंप लावू नकोस.’ दुसरा एखादा बागाईतदार लिहील : ‘मळ्यात पाऊस झाला नाही असे कळले, तर पंप लाव.’ वरवर पाहता दोन्ही चिठ्ठ्यांचा अर्थ एकच. परंतु समजा, मळ्याकडून काही निरोपच आला नाही. पहिल्या चिठ्ठीचा गडी पंप लावील, कारण त्याला कोणी अडवलेले नाही. दुसऱ्या चिठ्ठीचा गडी थांबेल, कारण त्याला कोणी परवानगी दिलेली नाही. निरोप आला तर दोघांची वागणूक सारखीच. तो आला नाही, म्हणजे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मोठ्या गणकयंत्रांच्या व्यवहारात हा भेद फार महत्त्वाचा ठरला आहे. आपण आज ज्यांना संगणक म्हणतो, त्यांतील ‘मेनफ्रेम’ नावाच्या प्रचंड यंत्रांवर बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती आजही आपली कामे गठ्ठ्यागठ्ठ्याने करून घेतात. अशा एका कामाला ‘जॉब’ म्हणतात. जॉबमध्ये अनेक पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर एक आज्ञावली चालते. काम बहुधा रात्री चालते. ज्याने ते लिहिले तो त्या वेळी यंत्राजवळ नसतो, आणि अडचण आली तर यंत्र त्याला विचारू शकत नाही. म्हणून अमुक घडले तर पुढे काय करावे, हे आधीच लिहून ठेवावे लागते.

ही चिठ्ठी लिहिण्याची भाषा आय.बी.एम. कंपनीच्या ‘सिस्टिम/३६०’ या यंत्रमालेबरोबर आली. ही यंत्रमाला ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झाली. तिच्यासाठी तयार झालेल्या ‘ओएस/३६०’ या कार्यप्रणालीत ‘जॉब कंट्रोल लँग्वेज’, म्हणजे जेसीएल, ही भाषा होती. आरंभी तिच्या ओळी ऐंशी स्तंभांच्या छिद्रित पत्त्यांवर लिहीत आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन तिरप्या रेघा असत. पत्ते केव्हाच गेले. पण रेघा अद्याप टिकून आहेत.

प्रत्येक आज्ञावली आपले काम संपवताना मागे एक अंक ठेवते. त्याला परतीचा संकेतांक म्हणू. रूढीप्रमाणे ०, ४, ८, १२ आणि १६ हे अंक वापरतात. शून्य म्हणजे सर्व ठीक, चार म्हणजे किरकोळ सूचना, आठ म्हणजे चूक, आणि बारा किंवा सोळा म्हणजे गंभीर बिघाड. हा केवळ संकेत आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवले, तर तोच अंक निराळा अर्थ सांगू शकतो. यंत्राला अर्थ कळत नाही. ते फक्त अंकांची तुलना करते.

ही तुलना ‘कॉन्ड’ या शब्दाने सांगतात, आणि येथेच नवशिका अडखळतो. ‘कॉन्ड’मध्ये लिहिलेली अट खरी ठरली, तर पायरी चालत नाही, ती वगळली जाते. ‘चार हा आधीच्या पायरीच्या संकेतांकाहून लहान असेल, तर ही पायरी सोडून दे,’ अशी ती उलटी वाचावी लागते. ही पहिल्या बागाईतदाराची चिठ्ठी झाली : अडवणारे कारण सापडले नाही, तर काम चालू ठेव.

आता एका कारखान्याच्या पगाराचा जॉब कल्पनेत आणू. पहिली पायरी हजेरीच्या नोंदी तपासते, दुसरी पगाराचा हिशेब करते, तिसरी धनादेश छापते. दुसरीने पहिलीचा आणि तिसरीने दुसरीचा संकेतांक पाहावा, असे लिहिले आहे. ही व्यवस्था चोख दिसते. एके रात्री हजेरीच्या नोंदी अपुऱ्या निघतात आणि पहिली पायरी बारा हा अंक देते. चार हा बाराहून लहान आहे, म्हणून दुसरी पायरी वगळली जाते. येथवर सारे योग्यच झाले. पुढे तिसरी पायरी दुसरीचा संकेतांक विचारते. परंतु दुसरी चाललीच नाही, तेव्हा तिचा संकेतांकच नाही. ज्या पायरीने उत्तर दिलेले नाही, तिच्यावर बेतलेली अट यंत्र विचारात घेत नाही. अट गळाली, म्हणजे अडवणारे कारण उरले नाही. आणि तिसरी पायरी चालू होते! हिशेबाच्या जागी गेल्या महिन्याचीच फाइल पडून असेल, तर यंत्र निमूटपणे गेल्या महिन्याचेच धनादेश छापील.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. दुसरी पायरी वगळली न जाता मध्येच कोसळली असती, उदाहरणार्थ अंकांच्या जागी अक्षरे आल्यामुळे बंद पडली असती, तर पुढच्या पायऱ्या आपोआप थांबल्या असत्या. ‘ईव्हन’ किंवा ‘ओन्ली’ असा शब्द मुद्दाम लिहिल्याखेरीज कोसळलेल्या पायरीनंतर काही चालत नाही. म्हणजे येथे उघड अपघातापेक्षा शिस्तीने झालेली वगळणूकच अधिक धोक्याची ठरते.

उपाय साधा आहे. अटीत एकाच पायरीचे नाव न लिहिता नाव मोकळे सोडावे. मग आधी चाललेल्या सर्व पायऱ्यांचे संकेतांक तपासले जातात. पहिलीचा बारा तिसरीलाही अडवतो आणि छपाई टळते. पुढे या भाषेत ‘इफ’, ‘देन’ आणि ‘एल्स’ हे शब्द आले, तेव्हा अट सरळ वाचता येऊ लागली. अमुक पायरी चालली काय, असा स्वतंत्र प्रश्नही विचारता येऊ लागला. तरीही जुने ‘कॉन्ड’ लिहिलेले जॉब आजही चालतात आणि ते वाचता येणारी माणसे लागतात.

ओएस/३६०च्या निर्मितीचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डिझाइन ऑफ डिझाइन’ या ग्रंथात जेसीएलवर कठोर टीका केली आहे, आणि ती आपल्याच देखरेखीखाली घडली हेही मान्य केले आहे. त्यांच्या मते मूळ चूक अशी, की तिला भाषा म्हणून कोणी पाहिलेच नाही. कामाच्या आधी ठेवायचे चार नियंत्रण-पत्ते, एवढेच तिचे रूप मनात होते.

आपण समोर नसताना पाळली जाणारी आज्ञा लिहिताना आपण होकाराचा विचार करतो, नकाराचाही करतो. मौनाचा करायचे राहून जाते. उत्तर आले नाही तर काय करावे, हे ज्या चिठ्ठीत लिहिलेले नाही, तिच्यातही त्याचे उत्तर असतेच. फक्त ते आपण दिलेले नसते. यंत्राने आपल्या नियमाप्रमाणे घेतलेले असते.