प्रश्न घडवणारी माणसं

1988च्या जुलैत ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा इथे शाळकरी मुलांचं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड भरलं होतं. त्यासाठी पश्चिम जर्मनीने पाठवलेला एक प्रश्न यजमानांच्या प्रश्न निवड समितीतल्या सहाही जणांना सुटेना. ही मंडळी साधीसुधी नव्हती. त्यांत जॉर्ज आणि एस्थर सेकेरेश हे दांपत्य होतं. दोघंही बुडापेस्टमध्ये गणितज्ञ पॉल एर्डिशच्या संगतीत गणितं सोडवत वाढलेले, आणि नवे प्रश्न रचण्यात दोघांचाही हातखंडा. मग तो प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या चार नामवंत गणितज्ञांकडे पाठवला. सहा तास दिले, तरी त्यांनाही जमलं नाही. जर्मन गणितज्ञ आर्थर एंगेल यांनी ही हकिगत आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. एवढं होऊनही परीक्षक मंडळाने धाडस करून तो सहावा, म्हणजे शेवटचा प्रश्न म्हणून ठेवला. 11 मुलांनी तो पूर्ण सोडवला.

प्रश्न दोन ओळींचा आहे. अ आणि ब या धन पूर्णांक संख्या घ्या. त्यांच्या वर्गांच्या बेरजेला, त्यांच्या गुणाकारात 1 मिळवून येणाऱ्या संख्येने निःशेष भाग जात असेल, तर भागाकार पूर्ण वर्गच असतो, हे सिद्ध करा. 2 आणि 8 घेऊन पाहा. वर्गांची बेरीज 68, गुणाकार अधिक एक 17, भागाकार 4. आता 8 आणि 30 घ्या. 964 भागिले 241, पुन्हा 4.

युक्ती अशी. 30 काढा आणि तिच्या जागी 8ची चौपट वजा 30, म्हणजे 2 ठेवा. भागाकार 4च राहतो. मग 8 काढून 2ची चौपट वजा 8, म्हणजे 0 ठेवा. आता जोडी उरली 2 आणि 0. गुणाकार शून्य, भाजक 1, आणि भागाकार म्हणून समोर येतो थेट 2चा वर्ग. अट पाळणाऱ्या कुठल्याही जोडीपासून निघालात, तरी चौपटीच्या जागी तिचा स्वतःचा भागाकार घेऊन असंच खाली उतरत शून्य गाठावं लागतं. नवी संख्या दर वेळी आधीच्यापेक्षा लहान होते, पण ऋण कधी होत नाही. आणि हे सगळं कशाच्या बळावर? वर्गसमीकरणाच्या मुळांच्या बेरजेच्या. आपल्याकडे ती दहावीत शिकवतात.

माझ्या मते उत्तम प्रश्नाची ओळख इथेच पटते. सामान शाळेतलं, वाट मात्र कुणी न चाललेली. असा प्रश्न पुस्तकातून उचलता येत नाही, तो घडवावा लागतो. ऑलिंपियाडची सगळी यंत्रणा याच कामाभोवती उभी आहे.

यजमान सोडून सहभागी देश आपापले प्रश्न पाठवतात. शंभराहून अधिक प्रश्न जमतात. यजमानांची समिती ते स्वतः सोडवते, पर्यायी रीती शोधते, आणि बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत, कॉम्बिनेटोरिक्स अशा चार गटांत तिसेक प्रश्नांची यादी करते. एखादा प्रश्न जुन्या स्पर्धेत किंवा पुस्तकात सापडला की तो बाद. देशोदेशीचे संघप्रमुख या यादीतून सहा निवडतात. मुलांशी त्यांचा संपर्क राहू नये म्हणून त्यांना वेगळं ठेवतात. भाषांतरंही तेच करतात. दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न, प्रत्येकी 7 गुण. यादीतले न वापरलेले प्रश्न पुढच्या वर्षीचं ऑलिंपियाड संपेपर्यंत गुप्त राहतात, कारण मधल्या काळात देशोदेशीच्या निवड चाचण्यांत ते कामी येतात.

तपासणी तर पाहण्यासारखी असते. मुलाच्या उत्तराची बाजू त्याचे संघप्रमुख मांडतात, समोर यजमानांचे तपासनीस बसतात, आणि एकेका गुणावर एकमत होईपर्यंत चर्चा चालते. यजमान देशाच्या मुलांचं काय? त्यांच्या बाबतीत तो प्रश्न ज्या देशाने दिला, त्याचे संघप्रमुख गुणनिश्चितीला बसतात. न्यायाची ही चाड मला या स्पर्धेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अशा स्पर्धांची मुळं हंगेरीत आहेत. 1894 साली तिथे शाळा नुकती संपवलेल्या मुलांसाठी स्पर्धा सुरू झाली. प्रश्न फक्त तीन, आणि पुस्तकं-वह्या सोबत न्यायची मुभा. त्याच सुमारास निघालेल्या ‘क्योमाल’ मासिकात दर महिन्याला प्रश्न येत आणि मुलांनी पाठवलेल्या उत्तम रीती त्यांच्या नावासह छापल्या जात. 1959 साली रुमानियात सात देशांच्या सहभागाने पहिलं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड भरलं. भारत 1989 पासून उतरतो आहे. 1996 साली यजमानपद मुंबईकडे आलं आणि 75 देशांची मुलं इथे आली. आज भारतीय संघाची निवड आणि सराव शिबिर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. 2024 साली इंग्लंडमधल्या बाथ इथे भारताने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला.

सोडवणाऱ्यांनीच पुढे प्रश्न घडवावेत, याचा एक नमुना गणिताच्या स्पर्धांबाहेरही सापडतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 1981 पासून दर जानेवारीत ‘मिस्टरी हंट’ होतो. कोड्यांची ही शर्यत अनेक दिवस चालते. कोडं हातात येतं, पण काय करायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. प्रत्येक कोड्यातून एखादा शब्द निघतो, त्या शब्दांचं मिळून पुढचं मोठं कोडं होतं, आणि अखेरीस आवारात कुठेतरी लपवलेलं नाणं शोधायचं. जो संघ जिंकतो त्याने पुढच्या वर्षीचा हंट रचायचा, असा तिथला रिवाज आहे. सोडवणारा रचणारा होतो. वर्षभर कोडी रचायची, ती न पाहिलेल्या माणसांकडून सोडवून घ्यायची, ते अडले तिथे दुरुस्त करायची. गणिताची समज याहून खोल जाण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

आपल्याकडे स्पर्धा परीक्षा उदंड आहेत. पण बहुतेकींत मोजक्या वेळात ढीगभर पर्यायांवर खुणा करायच्या असतात. वेग मोजला जातो, विचार नाही.

शाळांमधल्या गणिताच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. यंदा तीनच प्रश्न काढा. ते आधी एखाद्या सहकाऱ्याला उत्तर न सांगता सोडवायला द्या, आणि तो जिथे अडखळेल तिथली भाषा सुधारा. मुलांना चार तास द्या, पुस्तकं उघडू द्या, आणि अर्धवट पण प्रामाणिक विचारालाही गुण द्या. निकाल लागला की पहिल्या आलेल्या मुलांना बक्षीस द्याच, शिवाय पुढच्या वर्षीची प्रश्नपत्रिका त्यांच्याकडून काढून घ्या.