चरखा पाहून चरखा घडवला तर?

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत. एखादा चरखा नीट निरखून पाहिला, तर हाती कसब असलेला सुतार तसाच दुसरा घडवील. मग नवं यंत्र शोधणाऱ्याच्या हाती काय उरतं?

इथे पेटंट कामी येतं. त्याला शोधाचा सातबारा समजा. सूत ओढण्याची नेमकी कोणती रीत नवी, याची चतुःसीमा अर्जात शब्दांनी आखायची. त्या सीमेबाहेरचं कुणीही करू शकतो, म्हणून मसुदा जाणकाराकडूनच करून घ्यावा. बदल्यात सारी कृती उघड करायची. अर्जापासून 20 वर्षांनी ती सर्वांची होते. अर्ज करण्याआधीच यंत्र चारचौघांत दाखवलं, तर त्याचं नवेपण जाऊ शकतं. हे टाळण्यासाठी स्टार्टअप आधी तात्पुरता अर्ज टाकतात. पूर्ण तपशिलाला 12 महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला शुल्कही बरंच कमी पडतं.

पुढे कमाईसाठी स्वतः उत्पादन करा, दुसऱ्याला परवाना द्या किंवा हक्कच विका. या शेवटच्या वाटेचं उदाहरण 1929 मधलं. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्याला 1 लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा: किंमत 150 रुपयांच्या आत, आठ तासांत भरपूर सूत. शोधकाने पेटंट खुशाल स्वतःच्या नावावर घ्यावं. बक्षीस हवं असेल, तर हक्क संघाला द्यावा. ही अट मला फार शहाणपणाची वाटते: शोधकाला मोबदला, खेड्याला यंत्र. मात्र हे बक्षीस कुणालाच मिळालं नाही.