शाळा पत्ता विचारते, व्हिसा नाही

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच ते प्रश्न फिरू लागतात. मुलीच्या ॲडमिशनला व्हिसाचे कागद दाखवावे लागतात का? सोशल सिक्युरिटी नंबर नाही, मग नाव घालतील का? घरी मराठी बोलतो हे फॉर्मवर लिहायचं की लपवायचं? उत्तरं देणारे भरपूर असतात, पण त्यातली बरीच उत्तरं ऐकीव असतात. व्हिसा चोख असलेल्या घराला अशा ऐकीव माहितीमुळे मनस्ताप होतो. कागदपत्रं नसलेल्या घरातल्या मुलाची त्यापायी शाळाच बुडते. म्हणून वारंवार कानावर येणारे हे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : कायदेशीर व्हिसा असेल तरच सरकारी शाळा मोफत.

वस्तुस्थिती : हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच निकालात काढला आहे. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी शाळांना मिळणारा राज्याचा निधी बंद केला. पुढे टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले. मोलमजुरी करणाऱ्यांना ते कुठून परवडणार? १९७७ मध्ये चार मेक्सिकन कुटुंबं कोर्टात गेली. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी भल्या सकाळी ठेवली. आपल्याला तिथूनच देशाबाहेर काढतील या धास्तीने ती माणसं घरचं सामान गाडीत भरूनच आली होती. पाच वर्षांनी ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्याचा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी मुलांच्या बाजूने लागला. आईवडिलांनी सीमा कशी ओलांडली याची शिक्षा मुलाला देता येत नाही आणि पैसे वाचवण्यासाठी त्याला अडाणी ठेवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. हा निकाल बदलून घेण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत. टेनेसीच्या सिनेटने २०२५ मध्ये तशा आशयाचं विधेयक मंजूर केलं होतं, मात्र त्या वर्षी त्याचा कायदा झाला नाही.

गैरसमज : सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर प्रवेश नाही.

वस्तुस्थिती : एच-४ व्हिसावर आलेल्या मुलांना हा नंबर सहसा मिळतच नाही, तरी ती सर्रास सरकारी शाळेत शिकतात. शाळा नंबर मागू शकते, पण देणं ऐच्छिक असतं. तो दिला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : वयाचा पुरावा, त्याच हद्दीत राहत असल्याचा पुरावा आणि लसीकरणाची नोंद. वयासाठी नगरपालिकेचा जन्मदाखला चालतो आणि पत्त्यासाठी भाडेकरार किंवा विजेचं बिल. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते बहुतेक लसींपाशी. भारताच्या सरकारी लसीकरणात कांजिण्यांची लस नाही, अमेरिकी शाळा मात्र ती मागतात. त्यामुळे निघण्यापूर्वी मुलाचं लसीकरणाचं कार्ड बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. तारखा स्पष्ट वाचता येतील अशा लिहून घ्याव्यात. आर्थिक अडचणीमुळे नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणाऱ्या किंवा बेघर कुटुंबांसाठी केंद्रीय कायदा आणखी सैल आहे. कागद हातात नसले तरी मुलाला लगेच वर्गात घ्यावं लागतं, कागद मागाहून जमवता येतात.

गैरसमज : म्हणजे सुट्टीत आलेल्या भाच्यालाही दोन महिने शाळेत बसवता येईल.

वस्तुस्थिती : हे त्याच समजाचं उलटं टोक. शाळा व्हिसा विचारत नाही म्हणून व्हिसाच्या अटी मिटत नाहीत. पर्यटक व्हिसावर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर त्या व्हिसाचा नियम मोडतो आणि पुढच्या अर्जात ते अंगाशी येऊ शकतं. भारतातून खास शिकायला येणाऱ्या मुलाला एफ-१ व्हिसावर सरकारी शाळेत फक्त नववी ते बारावीत, तेही जास्तीत जास्त १२ महिने आणि शिक्षणाचा पूर्ण खर्च भरूनच शिकता येतं. आईवडिलांबरोबर एच-४ किंवा एफ-२ वर आलेल्या शाळकरी मुलांना मात्र ही अट नाही.

गैरसमज : शाळेत दिलेली माहिती थेट इमिग्रेशन खात्याकडे जाते.

वस्तुस्थिती : १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार मुलाच्या शैक्षणिक नोंदी पालकांच्या लेखी संमतीशिवाय सहसा कुणाला देता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश वगैरे मोजके अपवाद आहेत. एक पळवाट मात्र बहुतेक पालकांच्या ध्यानात येत नाही. नाव, पत्ता, फोन अशी माहिती शाळा ‘डिरेक्टरी’ म्हणून जाहीर करू शकते. ती देऊ नये असं पालकांनी लेखी कळवायचं असतं. वर्षाच्या सुरुवातीला येणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात त्याची सूचना असते आणि आपण ती न वाचताच सही ठोकतो.

गैरसमज : शाळेत इमिग्रेशनचे अधिकारी येऊच शकत नाहीत. किंवा : ते कधीही वर्गात घुसू शकतात.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो कारवाई करू नये असं धोरण बरीच वर्षं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते रद्द झालं. पण ते खात्याचं धोरण होतं. राज्यघटनेने झडतीवर घातलेली बंधनं जशीच्या तशी आहेत. इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेलं वॉरंट घेऊन आलेल्यांना वर्गात किंवा शाळेच्या खासगी भागात सोडायला शाळा बांधील नाही. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून शाळेच्या ऑफिसातल्या माणसाला या दोन कागदांतला फरक कळणं आणि त्याने वरिष्ठांना विचारल्याशिवाय दार न उघडणं फार मोलाचं ठरतं.

नुसत्या धाकानेही वर्ग कसे रिकामे होतात, हे २०११ मध्ये अलाबामात दिसलं. प्रवेशावेळी मुलांच्या कागदपत्रांची विचारपूस करण्याचा कायदा तिथे लागू होताच एकाच दिवशी दोन हजारांहून अधिक हिस्पॅनिक मुलं गैरहजर राहिली. कुणालाही वर्गातून उचललेलं नव्हतं. ते कलम पुढे न्यायालयाने रद्द ठरवलं.

गैरसमज : घरची भाषा मराठी लिहिली की मूल ‘ढ’ वर्गात जातं.

वस्तुस्थिती : घरच्या भाषेचा फॉर्म फक्त पहिली पायरी आहे. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते. तीत उत्तीर्ण झालं की विषय संपला. नाही झालं तर त्याला इंग्रजीसाठी जादा मदत मिळते. पालकांना ती नाकारताही येते, फक्त दरवर्षीची चाचणी मग चुकत नाही. या मदतीची मुळं १९७४ च्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या निकालात आहेत. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना न कळणाऱ्या भाषेत शिकवलं जात होतं. सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच शिक्षक दिले म्हणजे समान संधी झाली असं नव्हे, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं.

हाच न्याय पालकांनाही लागू आहे. इंग्रजी न समजणाऱ्या पालकाला महत्त्वाची माहिती समजेल अशा भाषेत द्यावी लागते आणि दुभाषा मोफत असतो. पालकसभेत आठ वर्षांच्या मुलालाच बाईंचं म्हणणं आईला सांगायला लावणं बरोबर नाही. त्यात मूल आपल्या तक्रारी गाळूनच भाषांतर करणार, हे सांगायला नको!

तेव्हा यंदा प्रवेश घेताना इतकं नक्की करा : डिरेक्टरीतून नाव वगळण्याचं पत्र द्या. तातडीच्या संपर्कात आईवडिलांखेरीज भरवशाच्या दोघांची नावं भरा. घरची भाषा बेधडक मराठी लिहा. आणि शेजारची कुणी आई कागदांच्या भीतीने मुलाला घरी ठेवत असेल, तर तिच्याबरोबर एकदा शाळेच्या ऑफिसात जा. तिच्या मुलाचा त्या बाकावरचा हक्क तुमच्या मुलाइतकाच पक्का आहे.