वाचकाला हवं तरी काय?

जालना म्हणजे बियाण्यांची मोठी बाजारपेठ. इथल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल असताना एका शेतकऱ्यानं ‘बियाण्यावरचं पुस्तक’ मागितलं. ड्यूई वर्गीकरणात शेती ६३०. त्या कपाटातलं एक काढून दिलं. तो नुसता पानं चाळत उभा. ‘काका, झालं काय?’ विचारलं, तेव्हा कळलं, पेरलेलं उगवलंच नव्हतं. म्हणजे हवा होता कायदा, ३४०! बियाणं घेणारा शेतकरीही ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलंय. वाचकाला ‘त्याचं’ पुस्तक मिळावं, हे रंगनाथनांचं १९३१ चं सूत्र मला पाठ होतं. ‘त्याचं’ म्हणजे कोणतं, हे सूचीत सापडत नाही, विचारावं लागतं. मग ग्राहक कायद्याचं पुस्तक दिलं आणि विचारलं, ‘पावती, पिशवी ठेवलीय ना?’ ठेवली होती.