डिझेल इंजिनात वनस्पती तेल: गरम का करावे लागते?

डिझेल महागले की करंज, एरंडीपेक्षा पातळ असलेले रतनजोत किंवा तळणीचे उरलेले तेल इंजिनात चालेल का, असा प्रश्न शेतकरी विचारतात. तेल ओतले तर इंजिन सुरू होते, दिवसभर चालतेही. नुकसान पुढच्या काही महिन्यांत दिसते आणि तोवर नोझल, रिंगा व लायनरचा खर्च अंगावर आलेला असतो. म्हणून तेल वापरण्याआधी गरम करण्यामागचे कारण समजून घ्यावे.

मूळ अडचण दाटपणाची

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालवणे नवे नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. मात्र आजचे फ्युएल पंप व नोझल पातळ डिझेलसाठी बनवलेले असतात.

40 अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा 2 ते 4.5 सेंटिस्टोक असतो. त्याच तापमानाला बहुतेक वनस्पती तेलांचा दाटपणा 30 ते 40 सेंटिस्टोक, म्हणजे सुमारे दहापट भरतो. दाट तेलाचा नोझलमधून बारीक फवारा होत नाही, मोठे थेंब पडतात. ते पूर्ण जळत नाहीत. त्यामुळे:

- नोझलच्या तोंडावर काजळीचा कडक थर बसतो.
- पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात.
- न जळलेले तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते व ऑइल दाट होते.
- फिल्टर लवकर तुंबतो, फ्युएल पंपावर ताण येतो.

तेल 80 अंशांपर्यंत तापवले की दाटपणा साधारण 12 सेंटिस्टोकपर्यंत उतरतो. फवारा बराच सुधारतो. तरीही ते डिझेलपेक्षा दाटच राहते, हे विसरू नये.

दोन टाक्यांची पद्धत

युरोपात, विशेषतः जर्मनीत, जुन्या डिझेल गाड्या मोहरीच्या कुळातील रेपसीडच्या तेलावर चालवण्यासाठी अनेकांनी बदल करून घेतले. त्या इंधन-तेलासाठी तेथे डीआयएन 51605 हे वेगळे मानकही आहे. प्रचलित पद्धतींपैकी दोन टाक्यांची पद्धत अशी चालते:

1. इंजिन नेहमी डिझेलवर सुरू करतात.
2. रेडिएटरकडे जाणारे इंजिनचे गरम पाणी तेलाच्या नळीभोवती, फिल्टरभोवती व टाकीत फिरवतात.
3. तेल सुमारे 70 अंशांवर गेल्यावर कॉक फिरवून तेलावर घेतात.
4. बंद करण्याआधी काही मिनिटे पुन्हा डिझेलवर चालवतात. त्यामुळे पंप व नोझलमधील तेल निघून जाते.

चौथी पायरी सर्वांत जास्त चुकते. ती चुकली तर गार झालेले दाट तेल पंपात राहते आणि दुसऱ्या दिवशी इंजिन उचलत नाही.

शेतातील इंजिनाचे काय?

विहिरीवरच्या इंजिनाला पंपाचेच वाहते पाणी थंडाव्यासाठी जोडले असेल, तर बाहेर पडणारे पाणी कोमट असते. त्यावर तेल पुरेसे तापत नाही. संशोधकांनी चाचण्यांत सायलेन्सरच्या धुराची उष्णता वापरली आहे, पण धूर फार तप्त असल्याने तापमानावर नियंत्रण लागते. घरगुती जुगाड येथे धोक्याचे आहे.

तेल चुलीवर तापवून टाकीत ओतण्याचाही उपयोग नाही. नोझलपर्यंत जाईतो ते निवते, आणि भाजण्याचा धोका वेगळाच.

ही काळजी घ्या

- कॉमन रेल इंजिनाच्या नव्या ट्रॅक्टर व गाड्यांत शुद्ध तेल वापरू नका. वॉरंटीही जाऊ शकते.
- घाण्यावरचे तेल थेट वापरू नये. त्यातील चिकट द्रव्य, आम्लता, पाणी व गाळ आधी काढावा लागतो.
- गरम तेलासाठी तांब्याची नळी टाळा. तांब्यामुळे तेल लवकर खराब होऊन चिकट बनते.
- जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, ते इंधन म्हणून घेऊ नका.
- इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांतच बदला.
- रस्त्यावरच्या वाहनात बदल करायचा असल्यास मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओची परवानगी लागते.

बायोडिझेल वेगळे

तेलावर मेथॅनॉल व उत्प्रेरकाची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की बायोडिझेल मिळते. त्याचा दाटपणा 40 अंशांना साधारण 3.5 ते 5 सेंटिस्टोक असतो, त्यामुळे तापवण्याची गरज उरत नाही. मेथॅनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे, म्हणून हे काम घरी करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील बैठकीत एक सोपे प्रात्यक्षिक दाखवता येईल. बारीक छिद्राच्या एकाच भांड्यातून आधी गार डिझेल, मग गार तेल आणि शेवटी 80 अंशांचे तेल गळू द्या व प्रत्येकाचा वेळ मोजा. डिझेल गरम करू नका आणि जवळ विस्तव ठेवू नका. तिन्ही वेळांतील फरक पाहिला की शेतकऱ्याला नोझलचे दुखणे लगेच कळते.

हिशेब करताना तेलाच्या भावात गाळणी, जादा ऑइल बदल व दुरुस्ती धरा. खाद्यतेल विकत घेऊन इंजिनात जाळणे सहसा परवडत नाही. करंजीचे तेल हाताशी असेल, तर ते बायोडिझेलसाठी देण्याचा विचार आधी करावा.