आडनावाची कचरापेटी

शब्दांची मुळं शोधण्याचा मला नाद. काल फ्रेंच शिकणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, कचरापेटीला 'पुबेल' का म्हणतात?"

ते आडनाव आहे! यूजेन पुबेल हे पॅरिसचा कारभार पाहणारे प्रीफेक्ट. १८८३ मध्ये त्यांनी घरमालकांना झाकणाच्या पेट्या ठेवायला लावल्या.

त्याही तीन: कुजणारा कचरा, कागद-चिंध्या आणि काचा-खापऱ्या-शिंपले. कचरा वेगळा करणं इतकं जुनं आहे! चिंध्या वेचून पोट भरणारे मात्र चिडले, आणि ते साहजिकच होतं.

असाच आडनावातून आलेला दुसरा शब्द म्हणजे कल्ल्यांना इंग्रजीत म्हणतात तो 'साइडबर्न्स'. तो आला अमेरिकी जनरल अँब्रोस बर्नसाइड यांच्यावरून. त्यांचे गालभर केस मिशीला जोडलेले, हनुवटी सफाचट! पुढे आडनावाची उलटापालट झाली.

असं आणखी एखादं आडनाव माहीत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.